सनद आणि चारित्र्य : वकील ‘सच्छील’ आहे हे कोणी ठरवायचे?

१.
कायद्याची पदवी मिळाली, परीक्षा उत्तीर्ण झाली, शुल्कही भरले, तरी वकिलीची सनद मिळेलच असे नाही. अर्जदार ‘चांगल्या चारित्र्याचा’ असावा, ही अट त्या परीक्षांच्याही मागे उभी असते. ही अट कोठून आली, तिने कोणाला अडवले आणि कोणाला तारले, याचा हा दीर्घ धागा. आपण खानदेशापासून निघू. लंडन, डर्बन, अहमदाबाद करत पुन्हा इकडेच येऊ.

२.
आधी दोन शब्दांचा इतिहास. पेशवाईत ‘वकील’ म्हणजे दरबारातला प्रतिनिधी. नाशिकचे हिंगणे घराणे दिल्लीत पेशव्यांची वकिली करी, ती राजकारणाची; कज्जेदलालीची नव्हे. ‘सनद’ म्हणजे सरकारने दिलेले अधिकारपत्र. वतनाची सनद, इनामाची सनद. इंग्रजी अमलात हे दोन्ही शब्द न्यायालयाच्या दारात येऊन एकत्र झाले आणि ‘वकिलीची सनद’ हा नवा अर्थ जन्मला.

३.
मराठेशाहीतल्या गोतसभेत किंवा पंचायतीत वादी-प्रतिवादी स्वतःच आपली बाजू मांडत. पंचांचा निर्णय मान्य करू, असा राजीनामा आधी लिहून देत, जामीन देत. माणसाचे चारित्र्य तेथेही तोलले जाई, पण तोलणारे लोक त्याच गावचे, त्याच पांढरीचे असत. कोण खरे बोलतो आणि कोण शब्द फिरवतो, हे गावाला कागदाशिवाय ठाऊक असे.

४.
१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. धुळे हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. १८२७ मध्ये मुंबई इलाख्यासाठी जे कायदे एकत्र करून जारी झाले त्यांना आपण ‘एल्फिन्स्टन संहिता’ म्हणतो. तिच्यातला दुसरा कायदा दिवाणी न्यायालयांच्या रचनेचा. न्यायाधीशांपासून वकिलांपर्यंत सर्वांची कर्तव्ये त्यात घातलेली होती.

५.
येथे मोठा बदल घडला. न्यायाधीश परका, भाषा परकी, कार्यपद्धती नवी. चोपड्याचा शेतकरी सावकाराविरुद्ध दावा लढण्यासाठी धुळ्यास जाई, तेव्हा ज्याच्या हाती तो आपले खत आणि पैसे सोपवी तो वकील त्याच्या गावचा नसे. मग हा माणूस विश्वासू आहे, हे सांगणार कोण? गावाच्या स्मरणाची जागा आता प्रमाणपत्राने घेतली.

६.
१८४६ चा पहिला कायदा या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यापूर्वी बंगालमध्ये १७९३ च्या नियमाने वकिलीचा व्यवसाय हिंदू आणि मुसलमान यांच्यापुरताच ठेवला होता. १८४६ मध्ये कंपनीच्या न्यायालयांत वकिली करण्याची वाट कोणत्याही राष्ट्राच्या व धर्माच्या व्यक्तीस मोकळी झाली. अट मात्र ठेवली : तो चांगल्या चारित्र्याचा आहे आणि कामास लायक आहे, असे प्रमाणपत्र त्याने मिळवले पाहिजे.

७.
म्हणजे धर्माची भिंत पाडताना चारित्र्याचे दार बसवले गेले. हेतू वाईट नव्हता. पक्षकाराचे मूळ दस्तऐवज गहाळ करणारा, दोन्ही बाजूंकडून पैसे घेणारा, खोटे साक्षीदार उभे करणारा वकील हा गरिबाचा घात करतो. परीक्षेतले गुण या दोषाचा पत्ता देत नाहीत. म्हणूनच ज्ञानाबरोबर सचोटीही पाहावी, हे म्हणणे पटण्यासारखेच आहे.

८.
पण ‘चांगले चारित्र्य’ म्हणजे काय? कायद्याने व्याख्या केली नाही. व्याख्या नसलेला शब्द ज्याच्या हाती अधिकार असेल त्याचा होतो. पुढची शंभर वर्षे या एका पोकळीत बरेच काही भरले गेले : रंग, लिंग, राजनिष्ठा. ते कसे, हे आता उदाहरणांनी पाहू.

९.
पहिले उदाहरण डर्बनचे. १८९४ मध्ये पंचविशीच्या आत असलेल्या एका भारतीय बॅरिस्टराने नाताळच्या सर्वोच्च न्यायालयात वकिलीसाठी अर्ज केला. नाव मोहनदास करमचंद गांधी. चारित्र्याचे दाखले म्हणून त्याने दोन युरोपीय व्यापाऱ्यांची प्रमाणपत्रे जोडली होती. गोऱ्या माणसाच्या दाखल्याला वजन असते, हा त्या काळचा साधा हिशेब.

१०.
नाताळच्या वकील संघटनेने विरोध केला. एक आक्षेप : मूळ इंग्लिश प्रमाणपत्र अर्जासोबत नाही. खरा आक्षेप : नियम केले तेव्हा काळा माणूस अर्ज करील, ही कल्पनाच कोणी केली नव्हती. चारित्र्याच्या चाळणीत रंग कसा शिरतो, हे इतक्या उघडपणे क्वचितच पाहावयास मिळते.

११.
या प्रसंगाचा एक तपशील गांधींनी आत्मकथेत नोंदवला आहे. संघटनेच्या वकिलाने त्यांना बोलावून विचारपूस केली आणि सांगितले की, या युरोपीय व्यापाऱ्यांच्या दाखल्यांना माझ्या लेखी किंमत नाही. ते तुम्हाला कितीसे ओळखतात? तुमच्याच मुलखातले अब्दुल्ला शेठ तुमचे घराणे जाणत असतील. त्यांचे प्रतिज्ञापत्र आणा, माझी हरकत राहणार नाही.

१२.
हा वकील विरोधी बाजूचा, तरी त्याचा प्रश्न नेमका होता. चारित्र्याचा दाखला देणारा माणूस तुम्हाला खरोखर ओळखतो का? आपल्या गोतसभेला हा प्रश्न कधी पडलाच नसता. प्रतिज्ञापत्र आले, त्या वकिलाचे समाधान झाले. संघटनेचा विरोध मात्र कायम राहिला. न्यायालयाने तो फेटाळला : कायदा गोऱ्या-काळ्यात भेद करत नाही. ३ सप्टेंबर १८९४ रोजी गांधींना प्रवेश मिळाला. लगेच त्यांना पगडी उतरवण्यास सांगण्यात आले, हेही लक्षात ठेवा.

१३.
दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या माणसाचे. नाशिक जिल्हा १८६९ मध्ये अहमदनगर व खानदेश यांचे भाग काढून बनला. त्यातल्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेले आणि ग्रेज इन या संस्थेत दाखल झाले. लंडनमध्ये बॅरिस्टर होण्याचा अधिकार अशा चार संस्थांकडे असे. परीक्षा हा एक भाग. संस्थेच्या ज्येष्ठांनी, म्हणजे बेंचर मंडळींनी, स्वीकारणे हा दुसरा.

१४.
सावरकर परीक्षा उत्तीर्ण झाले. पण ‘इंडिया हाऊस’मधील त्यांच्या हालचालींवर सरकारची नजर होती. १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायलीचा वध केला, वातावरण पेटले. त्याच वर्षी ग्रेज इनच्या बेंचर मंडळींनी सावरकरांना बॅरिस्टर म्हणून स्वीकारण्यास नकार दिला. राजकारणात भाग घेणार नाही असे लिहून द्यावे, असा प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवला गेला आणि त्यांनी तो नाकारला, असे चरित्रकार सांगतात.

१५.
येथे थांबून विचार करा. त्या वेळी कोणत्याही न्यायालयाने सावरकरांना कोणत्याही गुन्ह्यासाठी दोषी ठरवलेले नव्हते. त्यांना अटक झाली ती मार्च १९१० मध्ये. शिक्षा त्यानंतर. म्हणजे सनदेच्या दाराशी जो निवाडा झाला, तो खटल्याच्या आधी झाला. सावरकरांच्या राजकारणाविषयी तुमचे मत काहीही असो. कार्यपद्धतीचा हा प्रश्न त्या मतावर अवलंबून नाही.

१६.
त्याच १९०९ मध्ये इनर टेंपल या दुसऱ्या संस्थेने ‘इंडिया हाऊस’चे संस्थापक श्यामजी कृष्णवर्मा यांचे नाव आपल्या यादीतून काढले. निमित्त होते त्यांच्या वृत्तपत्रीय लिखाणाचे. एकाला दारातच अडवले, दुसऱ्याला आत असताना बाहेर काढले. इनर टेंपलने श्यामजींचे नाव पुन्हा दाखल केले २०१५ मध्ये. त्यांच्या मृत्यूला तेव्हा ८५ वर्षे झाली होती.

१७.
इतिहासाची एक गाठ पाहा. ज्या ग्रेज इनने सावरकरांना नाकारले, तेथेच १९१६ मध्ये भीमराव रामजी आंबेडकर दाखल झाले आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. संस्था तीच, नियमही बहुतांशी तेच. पाच वर्षांनी याच बॅरिस्टराने महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यांच्याकडे आपण धाग्याच्या अखेरीस परत येऊ.

१८.
तिसरे उदाहरण मुंबई उच्च न्यायालयाचे, आणि ते खानदेशच्या प्रत्येक वकिलाला लागू पडणारे. कारण धुळे, जळगाव, अहमदाबाद हे सारे याच न्यायालयाच्या छत्राखाली. (खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ मध्ये झाले, पूर्वेचे मुख्य ठिकाण जळगाव, पश्चिमेचे धुळे.) वकिलाची सनद देणे आणि योग्य कारणासाठी काढून घेणे, हा अधिकार उच्च न्यायालयाकडे होता.

१९.
फेब्रुवारी १९१९. रौलट विधेयकांविरुद्ध साबरमती आश्रमात सत्याग्रहाची प्रतिज्ञा तयार झाली. हे कायदे, आणि समिती ठरवील ते इतर कायदे, आम्ही सविनय मोडू, सत्य पाळू, जीव, शरीर आणि मालमत्ता यांवर हिंसा करणार नाही, असा तिचा आशय. सह्या करणाऱ्यांत अहमदाबादचे काही बॅरिस्टर आणि वकील होते.

२०.
एप्रिलमध्ये गांधींच्या अटकेची बातमी आली आणि अहमदाबादेत दंगल उसळली. तेथील जिल्हा न्यायाधीश केनेडी यांनी उच्च न्यायालयाला पत्र लिहिले : कायदा मोडण्याची प्रतिज्ञा करणारा माणूस न्यायालयाचा अधिकारी कसा राहू शकतो? उच्च न्यायालयाने त्या वकिलांना नोटिसा काढल्या. पहिले नाव जीवनलाल व्रजराय देसाई यांचे. म्हणून कायद्याच्या पुस्तकांत हे प्रकरण त्यांच्या नावाने ओळखले जाते.

२१.
प्रश्न खरोखर अवघड होता, तो सोपा करून पाहू नका. एका बाजूचे म्हणणे : जो कायद्यावर पोट भरतो त्याने कायदा पाळलाच पाहिजे, कोणते कायदे मोडायचे हे समितीवर सोपवणारा वकील आपल्या पक्षकाराला काय सल्ला देणार? दुसऱ्या बाजूचे म्हणणे : आम्ही कोणाचा पैसा बुडवला नाही, कोणाला फसवले नाही, अन्याय्य कायदा उघडपणे मोडून शिक्षा भोगण्यास तयार असणे हा सचोटीचा पुरावा आहे, दोष नव्हे.

२२.
ऑक्टोबर १९१९ मध्ये निर्णय आला. प्रतिज्ञा ही वकिलाच्या कर्तव्याशी विसंगत आहे, असे न्यायालयाने मानले. पण सनदा काढून घेतल्या नाहीत. ताकीद देऊन प्रकरण तेथे ठेवले. तलवार म्यानात गेली. मोडली मात्र नाही. यापुढे कोणीही सनदधारक चळवळीत उतरताना ती आपल्या डोक्यावर आहे, हे जाणूनच उतरणार होता.

२३.
याच प्रकरणाला एक उपकथा आहे. केनेडी यांचे ते पत्र गांधींनी ६ ऑगस्ट १९१९ रोजी ‘यंग इंडिया’त टीकेसह छापले. प्रकरण न्यायप्रविष्ट असताना असे छापणे हा न्यायालयाचा अवमान, असे ठरले. मार्च १९२० मध्ये गांधी आणि महादेव देसाई यांना न्यायालयाने कडक समज दिली. माफी मागण्यास गांधींनी नकार दिला होता. माझ्या हातून गैर झाले असे मला वाटतच नाही, ही त्यांची भूमिका.

२४.
आता डाव उलटतो. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसने असहकाराचा कार्यक्रम कायम केला. न्यायालयांवर बहिष्कार हा त्याचा भाग होता. सरकार म्हणत होते, ‘वागणूक सुधारा, नाही तर सनद जाईल.’ काही वकिलांनी उत्तर दिले, ‘सनद राहू द्या तुमच्यापाशी.’ भुसावळचे वकील वासुदेव विठ्ठल दास्ताने, म्हणजे खानदेशचे अण्णासाहेब दास्ताने, वकिली सोडून चळवळीत आले ते याच वाटेने.

२५.
सगळ्यांनाच हे शक्य नव्हते आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. वकिली हेच घराचे उत्पन्न. शिवाय जिल्ह्याच्या गावी वकील म्हणजे शाळा, ग्रंथालय, सभा यांचा आधारस्तंभ. समर्थ वाङ्मयाचे संशोधक शंकर श्रीकृष्ण देव धुळ्यात वकिली करत. सत्कार्योत्तेजक सभेमागे तेच होते. इतिहासाचार्य राजवाडे अखेरच्या काळात धुळ्यात राहिले आणि १९२६ मध्ये तेथेच वारले. त्यांची कागदपत्रे जपणाऱ्या मंडळालाही वकिलांचा हातभार होता. एक सनद गेली की अशा कामांचाही आधार जाई.

२६.
१८ मार्च १९२२. अहमदाबादेत राजद्रोहाच्या आरोपावर गांधींना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी गुन्हा कबूल केला होता. १० नोव्हेंबर १९२२ रोजी इनर टेंपलने या शिक्षेच्या आधारे त्यांचे नाव बॅरिस्टरांच्या यादीतून काढले. गांधी तेव्हा पुण्याजवळ येरवड्याच्या तुरुंगात होते. ते नाव परत दाखल झाले १९८८ मध्ये, त्यांच्या हत्येनंतर चाळीस वर्षांनी.

२७.
नाताळमध्ये ज्याच्या चारित्र्यात खोट सापडली नाही, त्याच्याच चारित्र्यात अठ्ठावीस वर्षांनी खोट कशी आली? माणूस खोटारडा झाला नव्हता. उलट न्यायालयासमोर त्याने काहीच लपवले नाही. बदलले ते सत्तेशी असलेले नाते. ‘शिक्षा झालेला’ आणि ‘दुश्चरित्र’ हे दोन शब्द समानार्थी मानले गेले. हा समानार्थ मोडून काढणे, हीच या विषयातली खरी वैचारिक लढाई.

२८.
हा समानार्थ धुळ्याच्या तुरुंगात उभा करून पाहा. १९३२ च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये विनोबा तेथे दर रविवारी गीतेवर बोलत आणि अमळनेरच्या शाळेतले एकेकाळचे शिक्षक साने गुरुजी ती प्रवचने लिहून घेत. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ असा झाला. सरकारी नोंदवहीत वक्ता कैदी, लेखक कैदी, श्रोतेही कैदी. त्यांच्यात सनदधारक कोणी असेल, तर ही शिक्षा त्याच्या सनदेविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत होती.

२९.
डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू : इनर टेंपलचे बॅरिस्टर आणि अनेक वेळा तुरुंगवास भोगलेले. पूर्व खानदेशातल्या शेतकऱ्यांनी ज्या माणसाचे शब्द ऐकण्यासाठी गर्दी केली, तो कायद्याच्या भाषेत वारंवारचा गुन्हेगार होता. लोकांच्या मनातली चारित्र्याची वही आणि सरकारची वही आता पूर्णपणे वेगळ्या झाल्या होत्या.

३०.
एका दाराचा उल्लेख राहिला. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डला कायद्याचा अभ्यास केला. पण स्त्री म्हणून वकिलीचे दार त्यांना बंद. त्यांचे चारित्र्य कोणी संशयिले नव्हते. प्रश्न होता ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्री येते काय. १९२३ च्या कायद्याने तो अडसर निघाला. पुढे जळगावच्या जिल्हा न्यायालयात वकिली सुरू करणाऱ्या प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या, हा त्याच कायद्याचा लांबचा पडसाद.

३१.
आता जगातला एक दाखला, जो गांधींच्या प्रकरणाशेजारी ठेवून वाचावा. १९५४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालच्या वकील संघटनेने नेल्सन मंडेला यांचे नाव यादीतून काढण्याची मागणी केली. कारण : अन्याय्य कायद्यांविरुद्धच्या प्रतिकार मोहिमेत त्यांना झालेली शिक्षा. न्यायालयाने मागणी फेटाळली. कायदा मोडला हे खरे. पण त्यात अप्रामाणिक, लज्जास्पद असे काही नाही, म्हणून वकिलीस अपात्रता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा.

३२.
वर्णभेदी राजवटीतल्या न्यायालयाने हे म्हणावे, हे विशेष. १९५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही श्वेअर नावाच्या अर्जदाराच्या प्रकरणात असाच कौल दिला : जुन्या अटका आणि तरुणपणीचे कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व एवढ्यावरून आजचे चारित्र्य वाईट ठरत नाही. माणूस काय होता, यापेक्षा त्याने काय केले आणि आज तो कसा आहे, हे पाहावे.

३३.
स्वतंत्र भारताचे उत्तर १९६१ च्या अधिवक्ता कायद्यात आहे. सनद देण्याचे आणि शिस्तीचे काम न्यायाधीशांकडून वकिलांनी निवडलेल्या राज्य बार कौन्सिलकडे आले. आपल्याकडे ते महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल. व्यावसायिक किंवा इतर गैरवर्तन सिद्ध झाल्यास समज, निलंबन किंवा नाव काढणे, असे उपाय. त्यावर भारतीय बार कौन्सिलकडे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात अपील. आता निवाडा बंद दाराआड संपत नाही.

३४.
१९७३ मध्ये या कायद्यात कलम २४-क आले आणि ‘चारित्र्य’ या धूसर शब्दाला कडा मिळाल्या. प्रवेशास अपात्र कोण? ज्याला ‘नैतिक अधःपतन’ असलेल्या गुन्ह्यासाठी शिक्षा झाली आहे तो. किंवा अशा आरोपावरून ज्याला सरकारी नोकरीतून काढले आहे तो. निव्वळ ‘शिक्षा झालेला’ नव्हे. फसवणूक, अफरातफर आणि बंदीहुकूम मोडून काढलेला मोर्चा यांत फरक करायला आता कायद्यातच जागा आहे. अहमदाबादचे वकील १९१९ मध्ये हीच जागा मागत होते.

३५.
आणखी एक गोष्ट : ही अपात्रता जन्मभराची नाही. सुटकेनंतर किंवा नोकरीतून काढल्यानंतर दोन वर्षे उलटली की ती संपते. यावर दोन्ही बाजूंनी टीका होते. काहींना दोन वर्षे फार थोडी वाटतात. ज्याने विश्वासघात केला त्याच्या हाती पुन्हा लोकांचे दस्तऐवज का द्यावेत, असे ते विचारतात. काही म्हणतात, माणूस सुधारतो यावर विश्वास नसेल तर शिक्षेला अर्थ काय?

३६.
याच कलमात एक ओळ अशी आहे की, जिच्याजवळ नाशिक-खानदेशच्या माणसाने थोडे रेंगाळावे. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याखाली शिक्षा झालेली व्यक्तीही अपात्र. नैतिक अधःपतन आहे की नाही, हा वादच येथे ठेवलेला नाही; त्या गुन्ह्याचा स्वतंत्र उल्लेख आहे.

३७.
२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. त्या दिवशी शांतताभंग करणारे म्हणून पाहिले गेले ते बाहेर उभे असलेले लोक. पंचवीस वर्षांनी कायद्याने दार अडवणाऱ्याला गुन्हेगार ठरवले. त्यानंतर अठरा वर्षांनी सांगितले की, असा गुन्हा करणारा वकिलीच्या लायकीचा नाही. देऊळ तेच, दार तेच. चारित्र्याची व्याख्या मात्र उंबरठा ओलांडून पलीकडे गेली.

३८.
म्हणून ‘चारित्र्याची अटच नको’ हा निष्कर्ष घाईचा ठरेल. १९७० च्या दशकात मुंबईच्या फौजदारी न्यायालयांच्या आवारात पक्षकारांना अक्षरशः ओढून नेणाऱ्या काही वकिलांचे प्रकरण राज्य बार कौन्सिलने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. घाबरलेल्या, अशिक्षित पक्षकाराचे रक्षण कोणी तरी करायलाच हवे. चोपड्याहून धुळ्याला खत घेऊन येणारा तो शेतकरी आजही येतो. फक्त आता एसटीने येतो.

३९.
तेव्हा या इतिहासातून उरतात ते तीन प्रश्न, आणि ते कोणत्याही परवान्याला लावून पाहता येतात. दाखला देणारा खरोखर ओळखतो का? (डर्बन.) निवाडा आरोप सिद्ध होण्याआधी होतो की नंतर? (लंडन.) जो दोष धरला, त्याचा त्या व्यवसायातल्या विश्वासाशी संबंध आहे, की केवळ सत्तेच्या नाराजीशी? (अहमदाबाद.) तिन्ही उत्तरे स्वच्छ असतील तर अट संरक्षण करते. नसतील तर ती लगाम होते.

४०.
जाता जाता एक काम. तुमच्या घरी पणजोबांची, आजोबांची वकिलीची सनद जुन्या पेटीत असेल तर ती बाहेर काढा. तारीख पाहा, सनद कोणत्या न्यायालयाची आहे ते पाहा, कोणत्या कायद्याचा उल्लेख आहे ते पाहा. तारीख १९१९ ते १९४७ मधली असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा : त्या वर्षांत ते न्यायालयात जात होते का, आणि जात नसतील तर का? मिळालेले उत्तर लिहून ठेवा. खानदेशच्या इतिहासात ती पाने अजून कोरी आहेत. धागा समाप्त.